फेडरलला नॉनरेसिडेंट, मग मिनेसोटात रेसिडेंट कसा? आणि भाड्याचं क्रेडिट नक्की कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा मुलगा एफ-१ वर (विद्यार्थ्यांचा व्हिसा) ऑगस्ट २०२३ ला मिनियापोलिसला एमएस करायला आला, तिघांनी मिळून अपार्टमेंट घेतलंय, टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून पगार मिळतो, २०२४ च्या उन्हाळ्यात तीन महिने सिएटलला इंटर्नशिप केली. फेडरलचं १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचं टॅक्स रिटर्न) भरून झालंय. आता २०२४ च्या स्टेट रिटर्नवर घरात तीन मतं आहेत. एक रूममेट म्हणतो फेडरलला नॉनरेसिडेंट तर स्टेटलाही नॉनरेसिडेंटच. दुसरा म्हणतो गप रेंटर्स क्रेडिट (भाडेकरूला स्टेटकडून मिळणारी सूट) भर, सगळे भरतात, पैसे येतात. आणि ऑगस्ट २०२४ ला आलेला ज्युनियर पण तेच भरायला निघालाय.

पहिला रूममेट चूक, दुसरा अर्धा बरोबर, ज्युनियर चूक. आता का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढून टाक की रेसिडेंट म्हणजे एकच काहीतरी असतं. तुझ्या बाबतीत निदान तीन वेगवेगळे लोक तुला रेसिडेंट आहेस का विचारतात आणि तिघांची उत्तरं वेगळी असू शकतात, तिघंही आपापल्या जागी बरोबर. युनिव्हर्सिटी विचारते ती फीसाठी, तिथे तू आउट ऑफ स्टेट. आयआरएस (फेडरल टॅक्सखातं) विचारते तेव्हा ते दिवस मोजतात, पण एफ-१ वाल्याची पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्या मोजणीतून वगळलेली असतात, आणि वर्षातला एक दिवस जरी इथे असलास तरी ते आख्खं वर्ष धरलं जातं. म्हणजे तुझी २०२३ ते २०२७ ही पाच वर्षं, २०२८ पासून मोजणी सुरू. म्हणून १०४०-एनआर, म्हणून हे दिवस मोजू नका असं सांगणारा फॉर्म ८८४३ (जो उत्पन्न शून्य असलं तरी भरायचाच असतो, हे बायको किंवा नवरा एफ-२ वर आलेल्यांनी पण ऐका, तिचा किंवा त्याचा वेगळा भरायचा). आणि तिसरं विचारतं ते स्टेट. स्टेटला तुझ्या व्हिसाशी फारसं देणंघेणं नसतं, ते विचारतं बाबा तू राहतोस कुठे.

ती पाच वर्षांची सूट मिनेसोटाच्या नियमात नाहीये. मिनेसोटा दोन प्रकारे रेसिडेंट ठरवतं. एक म्हणजे डोमिसाइल, म्हणजे तुझं कायमचं घर, जिथे शेवटी परत जायचा इरादा आहे ते ठिकाण. एफ-१ घेताना तू कॉन्सुलेटला सांगूनच आलायस की शिकून परत जाणार, त्यामुळे डोमिसाइल तुझं साताऱ्याला नाहीतर नाशिकला, जिथलं असेल तिथलं. ते बाजूला. दुसरा प्रकार म्हणजे १८३ दिवसांचा नियम, आणि तू त्यात सापडतोस. त्याला दोन अटी आहेत आणि दोन्ही लागतात: वर्षात किमान १८३ दिवस मिनेसोटात असणं, दिवसाचा काही भाग असलास तरी पूर्ण दिवस धरतात, आणि मिनेसोटात तुझी राहायची जागा असणं, जिला ते अबोड म्हणतात. अबोड म्हणजे नुसती खोली नाही. तिला स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं बाथरूम पाहिजे आणि ती बारा महिने राहण्यासारखी पाहिजे.

हे स्वयंपाकघराचं लोकांना गंमतीशीर वाटतं पण सगळं त्याच्यावरच अडतं. डॉर्ममधे मजल्यावर एक कॉमन किचन, टोकाला कॉमन बाथरूम, तर ती तुझी अबोड नाही, तू वर्षभर तिथे राहिलास तरी. आणि तिघांत मिळून घेतलेलं टू-बेडरूम, ज्यात तुमचा ओटा, तुमचा फ्रिज, तुमचा कुकर शिट्ट्या मारतोय, ती अबोड. लीजवर तुझं नाव आहे का नाही एवढ्यावर सुटका नाही, नियमात भाड्याने घेतलेली, मालकीची, सांभाळलेली किंवा नुसती राहायला वापरलेली जागा असं सगळंच येतं.

आता तुझं २०२४. जानेवारी ते मे मिनियापोलिस, मग तीन महिने सिएटल, मग ऑगस्टअखेरपासून परत मिनियापोलिस, डिसेंबरमधे समजा तीन आठवडे घरी जाऊन आलास. तरी आरामात १८३ च्या वर आहेस. अपार्टमेंटची लीज वर्षभर चालू. झालास मिनेसोटाचा फुल-इयर रेसिडेंट. यात तुझी इच्छा कुणी विचारत नाही. हे मला जास्त ठासून सांगायचंय कारण मुलं येतात ती क्रेडिट हवं म्हणून रेसिडेंट भरू का असं विचारत येतात, जणू दुकानात दोन शर्ट ठेवलेत. रेसिडेन्सी ही निवडायची गोष्ट नाही, ती घडलेली गोष्ट आहे. दिवस मोज, जागा बघ, उत्तर येतं. क्रेडिट त्याच्या मागून येतं, आणि क्रेडिटबरोबर दुसरंही काहीतरी मागून येतं, ते पुढे सांगतो, तुझ्या केसमधे तेच महाग पडणारे.

ज्युनियरचं आधी संपवतो. ऑगस्ट २०२४ ला आला, म्हणजे वर्षअखेरपर्यंत फार तर साडेचार महिने. १८३ दिवस भरतच नाहीत. तो २०२४ साठी मिनेसोटाचा नॉनरेसिडेंट, आणि रेंटर्स क्रेडिट फक्त फुल-इयर किंवा पार्ट-इयर रेसिडेंटला मिळतं. विषय संपला. त्याचा घरमालक त्याला भाड्याचं सर्टिफिकेट देईलही, कारण घरमालकाला त्याची रेसिडेन्सी माहीत नसते, पण हातात कागद आला म्हणजे हक्क आला असं नाही. तुझं २०२३ पण असंच होतं, तेव्हा भरलं नसशील तर बरंच केलंस.

आता क्रेडिट. यामागची कल्पना सोपी आहे. घरमालक घरपट्टी भरतो आणि ती तुझ्या भाड्यातूनच वसूल करतो, मग ज्याचं उत्पन्न कमी आहे अशा भाडेकरूला स्टेट त्यातला काही भाग परत देतं. मिनेसोटा धरून चालतं की भाड्याचे १७ टक्के म्हणजे घरपट्टी. म्हणजे तुमचं भाडं समजा महिना २,१०० डॉलर असेल तर वर्षाचे २५,२००, तिघांत भागिले ८,४००, त्याचे १७ टक्के १,४२८. हा आकडा आणि तुझं उत्पन्न घेऊन टेबल बघायचं, क्रेडिट त्यातून निघतं. १,४२८ च्या १,४२८ मिळणार नाहीत, उत्पन्न जितकं वाढतं तितकं क्रेडिट आटत जातं. २०२४ च्या वर्षासाठी उत्पन्न ७५,३९० डॉलरच्या आत पाहिजे आणि जास्तीत जास्त क्रेडिट २,६४० आहे, पण विद्यार्थ्याला ती कमाल रक्कम मिळताना मी पाहिलेलं नाही, उगाच २,६४० ऐकून नवीन लॅपटॉप कार्टमधे टाकू नकोस.

तू अजून एक सिनियरचा सल्ला ऐकला असशील, ऑगस्टपर्यंत थांब आणि एम१पीआर नावाचा वेगळा फॉर्म भर. तो २०२३ च्या वर्षापर्यंत खरा होता. २०२४ च्या वर्षापासून भाडेकरूंचं क्रेडिट इन्कम टॅक्स रिटर्नमधेच आणलंय, फॉर्म एम१ बरोबर शेड्यूल एम१रेंट जोडायचं, मुदत तीच १५ एप्रिल. एम१पीआर आता घर मालकीचं असणाऱ्यांसाठी राहिलाय. आणि आणखी एक बदल झाला जो विद्यार्थ्यांना बरा पडलाय: आधी हाउसहोल्ड इन्कम म्हणून सगळं धरायचे, करमुक्त स्कॉलरशिपसुद्धा, आता फेडरलचं एजीआय (फेडरल रिटर्नवर निघणारं उत्पन्न) हा पाया आहे. त्यामुळे जुन्या व्हिडिओत बघून हिशोब करू नकोस, आकडा चुकेल.

कागद कुठला लागतो तर सीआरपी, सर्टिफिकेट ऑफ रेंट पेड. आपल्याकडे एचआरएसाठी भाडेपावती आणि घरमालकाचा पॅन मागत फिरतात, तसंच समज, फरक एवढाच की इथे घरमालकाला ते ३१ जानेवारीपर्यंत द्यावंच लागतं, त्याची मेहेरबानी नाही. आणि लग्न न झालेले तिघं एका घरात असतील तर तिघांना तीन वेगवेगळी सर्टिफिकेटं, भाडं सारखं वाटून. इथे नेहमी वाद होतो. एकाने मास्टर बेडरूम घेतली म्हणून तो ९०० देतो आणि हॉलमधे पडदा लावून राहणारा ४००, पण सीआरपीवर सगळ्यांचं भाडं एकतृतीयांश. तुमच्या आपसातल्या व्यवहाराशी स्टेटला काही नाही. आणि लीजवर फक्त एकाचं नाव असेल, बाकीचे दोघं त्याला दर महिन्याला पैसे पाठवतात, असं असेल तर घरमालकाला माहीतच नसतं की तिघं राहतात, तो एकालाच आख्ख्या भाड्याचं सर्टिफिकेट देतो. मग तो एकटा २५,२०० दाखवून क्रेडिट घेतो आणि बाकीच्यांना बिर्याणी खाऊ घालतो, हे मी इतक्यांदा बघितलंय. तसं करायचं नाही. घरमालकाला किंवा लीजिंग ऑफिसला मेल टाका, तिघांची नावं आणि राहिलेले महिने द्या, तीन सर्टिफिकेटं करून घ्या. लीजमधे तिसऱ्याला राहायची परवानगीच नसेल तर ते प्रकरण वेगळं, ते आधी मिटवा.

घरमालक मेलला उत्तर देत नसेल तर १ मार्चनंतर मिनेसोटा डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यूकडे रेंट पेड अ‍ॅफिडेव्हिट मागता येतं. त्याच्यासाठी लीज आणि भाडं भरल्याचे पुरावे ठेव, झेलचे (Zelle, पैसे पाठवायचं अ‍ॅप) स्क्रीनशॉट नाही, बँकेचं स्टेटमेंट.

आता ती इमारत. घरपट्टी भरणारी किंवा घरपट्टीच्या बदल्यात काही रक्कम भरणारी असेल तरच क्रेडिट. युनिव्हर्सिटीच्या मालकीची जागा बहुतेक वेळा घरपट्टीतून मुक्त असते, मग तू कितीही भाडं भरलेलं असो, शून्य. पण ही भानगड नावावरून कळत नाही. कॅम्पसला खेटून असलेली, युनिव्हर्सिटीचा लोगो लावलेली इमारत खाजगी कंपनीची असू शकते. म्हणून अंदाज बांधत बसू नकोस, ऑफिसला जाऊन एकच प्रश्न विचार: सीआरपी देता का? ज्यांना द्यायचं असतं त्यांना पहिल्या वाक्यात कळतं.

बाकीच्या अटी तुझ्या बाबतीत किरकोळ. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन पाहिजे, टीए आहेस म्हणजे सोशल आहेच. तुला कुणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकत असेल तर क्रेडिट नाही, आईबाबा इथे टॅक्स भरत नाहीत म्हणजे तो प्रश्न नाही. (इथल्या मामाने प्रेमापोटी तुला डिपेंडंट दाखवलं असेल तर त्याला फोन कर, नॉनरेसिडेंट एलियन असताना ते चालत नाही, त्याचं रिटर्न चुकलंय.)

आता ते महाग पडणारं. रेसिडेंट झालास की मिनेसोटा तुझ्या तिथल्याच नाही तर इतर स्टेटमधल्या कमाईवरही टॅक्स लावतं. तुझी सिएटलची इंटर्नशिप वॉशिंग्टन स्टेटमधे. वॉशिंग्टनला पगारावर इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे कंपनीने स्टेटचा एक डॉलर कापलेला नसणार, तुझ्या डब्ल्यू-२ वर (कंपनी वर्षाच्या पगाराचा कागद देते तो) स्टेट टॅक्सचे रकाने रिकामे असतील आणि तू खूश असशील. पण मिनेसोटाच्या एम१ मधे तो पगार येतो, कारण सुरुवातच फेडरल एजीआयपासून होते. समजा तीन महिन्यांत २४,००० मिळाले, पहिल्या टप्प्याचा ५.३५ टक्क्यांचा दर धरला तरी १,२८४ डॉलर टॅक्स, आणि त्यातला काहीच आधी कापला गेलेला नाही. क्रेडिट चारशे-पाचशे आलं तरी उरलेले तूच भरायचे. म्हणून म्हटलं दुसरा रूममेट अर्धाच बरोबर. त्याची इंटर्नशिप मिनियापोलिसमधेच झाली असेल, त्याचा टॅक्स पगारातून महिन्याच्या महिन्याला कापला गेलेला, त्याला रिफंड दिसतो. तुझं गणित वेगळं.

इंटर्नशिप कॅलिफोर्नियात झाली असती तर तिथे ५४०एनआर (तिथलं नॉनरेसिडेंटचं रिटर्न) भरून कॅलिफोर्नियाचा टॅक्स भरावा लागला असता, पण मग त्याचं क्रेडिट मिनेसोटाने एम१सीआर या शेड्यूलमधून दिलं असतं, दोनदा मार बसला नसता. वॉशिंग्टन किंवा टेक्सासमधे क्रेडिट देण्यासारखं काही भरलेलंच नसतं, त्यामुळे मिनेसोटा पूर्ण घेतं. बे एरियात गेलेला मित्र आणि सिएटलला गेलेला मित्र यांच्या रिटर्नची तुलना करून डोकं फोडून घेऊ नका.

यावर हमखास येणारा उपाय: मग क्रेडिट सोडतो आणि नॉनरेसिडेंट भरतो, सिएटलचं उत्पन्न मिनेसोटाला दाखवतच नाही. चालत नाही. दिवस आणि जागा तशीच आहे, फॉर्म बदलून वस्तुस्थिती बदलत नाही. आणि एम१ बरोबर फेडरल रिटर्नची पूर्ण कॉपी जोडायची असते, त्यात सिएटलचा पगार ढळढळीत दिसतो. उन्हाळ्यात घर सबलेट केलं असशील, म्हणजे दुसऱ्याला भाड्याने दिलं असशील, तर तेही घरमालकाला सांग आणि त्या महिन्यांचं भाडं आपल्या क्रेडिटमधे धरू नकोस, क्रेडिट हे राहिलेल्या आणि भाडं भरलेल्या घरासाठी आहे.

पुढच्या वर्षी परत बाहेर इंटर्नशिप असेल तर आत्ताच सांगून ठेवतो, पैसे येताना दर महिन्याला थोडे बाजूला ठेव किंवा मिनेसोटाला एस्टिमेटेड टॅक्स (आगाऊ टॅक्स) भर. एप्रिलमधे एकदम हजार-बाराशे काढताना विद्यार्थ्याची काय हालत होते ते मला दर वर्षी दिसतं.

आता तू विचारलेलं नाहीस पण खाली बाकीची मुलं वाचणार आणि आपापल्या स्टेटला हेच लावणार, म्हणून थोडं इकडचं तिकडचं. मिनेसोटाचा नियम दुसरीकडे तसाच्या तसा चालत नाही.

बोस्टनचा तुझा मित्र जे घेतो ते क्रेडिट नाही, डिडक्शन आहे. मॅसॅच्युसेट्समधे भाड्याच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा, कमाल ४,००० डॉलर, २०२३ पासून, त्याआधी ३,००० होती. दर ५ टक्के, म्हणजे हातात जास्तीत जास्त २०० डॉलर. तिथेही १८३ पेक्षा जास्त दिवस आणि कायमस्वरूपी राहायची जागा हा रेसिडेंट ठरायचा एक मार्ग आहे आणि डॉर्म व अपार्टमेंट यांच्यात फरक पडतो. बोस्टनच्या भाड्यापुढे २०० डॉलर म्हणजे काय, पण एका महिन्याचा किराणा निघतो.

न्यूयॉर्क मात्र वेगळंच. तिथे रियल प्रॉपर्टी टॅक्स क्रेडिट नावाचा प्रकार आहे, आयटी-२१४ फॉर्म, घराचं एकूण उत्पन्न १८,००० डॉलरच्या आत पाहिजे आणि सरासरी भाडं महिना ४५० डॉलर किंवा कमी. न्यूयॉर्क शहरात ४५० ला कुणाला घर मिळालं तर आधी मला पत्ता द्या. म्हणजे कागदावर आहे, हातात नाही. उलट तिथे रेसिडेंट ठरणं महाग: १८४ दिवस आणि दहा महिन्यांहून जास्त काळ सांभाळलेली कायमची जागा असेल तर रेसिडेंट, आणि शहरात राहत असशील तर वरून न्यूयॉर्क सिटीचा वेगळा टॅक्स, ३.०७८ टक्क्यांपासून पुढे. बॅचलर्स करणाऱ्या फुलटाइम विद्यार्थ्याची कॉलेजसाठी घेतलेली जागा तिथे कायमची जागा धरत नाहीत, पण ही सवलत अंडरग्रॅजुएटसाठी आहे. आपली बहुतेक मुलं एमएसला जातात, म्हणजे त्यांना ती नाही. हे न बघता सगळ्या ग्रुपने डोळे झाकून नॉनरेसिडेंटचा आयटी-२०३ भरलेला मी पाहिलाय.

मिशिगनच्या मुलांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. तिथे होमस्टेड प्रॉपर्टी टॅक्स क्रेडिट आहे, एमआय-१०४०सीआर, भाड्याचे २३ टक्के घरपट्टी धरतात, किमान सहा महिने मिशिगनचे रेसिडेंट असावं लागतं, घरपट्टी न भरणारे डॉर्म बाद. रेसिडेन्सीचं आधी नीट सोडवून मगच त्याला हात लावा. पण खरा खड्डा पुढे आहे. तिथे उत्पन्न म्हणजे नुसता पगार नाही, हाउसहोल्ड रिसोर्सेस धरतात, आणि त्यात ३०० डॉलरच्या वरच्या रोख भेटी आणि तुझ्या वतीने दुसऱ्याने भरलेले खर्चही येतात. म्हणजे बाबांनी कोथरूडच्या बँकेतून भाड्यासाठी पाठवलेले पैसे त्यात येतात. हे फेडरलला उत्पन्न नाही, म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि मुलं रिसोर्सेसच्या रकान्यात ९,००० लिहितात आणि भाडं दाखवतात १२,०००. तिकडच्या टॅक्सखात्याचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की मग जेवलास काय.

कॅलिफोर्नियात रेंटर्स क्रेडिट एकट्याला ६० डॉलर, रेसिडेंटलाच, आणि विद्यार्थी म्हणून तात्पुरते राहणारे बहुतेक तिथे नॉनरेसिडेंट, सोडून द्या. न्यू जर्सीत भाड्याचे १८ टक्के घरपट्टी धरून डिडक्शन किंवा ५० डॉलरचं क्रेडिट असतं, ते रेसिडेंटला, कॅम्पसमधल्या घरपट्टी नसलेल्या जागेला नाही. इंडियानात, म्हणजे पर्ड्यू आणि ब्लूमिंग्टनवाल्यांना, घरपट्टी भरणाऱ्या इमारतीत राहत असाल तर ३,००० डॉलरपर्यंत भाड्याचं डिडक्शन आहे, ते विसरू नका. इलिनॉयमधे घरपट्टीचं क्रेडिट फक्त मालकाला. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टनमधे स्टेट इन्कम टॅक्सच नाही, डॅलस-आर्लिंग्टनच्या पोरांनी फेडरल आणि ८८४३ भरून झोपावं.

ट्रीटीबद्दल पण सगळे विचारतात. भारत-अमेरिका करारातलं कलम २१ मधलं जे विद्यार्थ्यांना मिळतं ते म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, २०२४ साठी १४,६०० डॉलर, जे इतर देशांच्या १०४०-एनआर वाल्यांना मिळत नाही. चिनी मित्राला ५,००० डॉलर पगार माफ होतो तो त्यांचा करार, त्याचा फॉर्म बघून आपला भरायचा नाही. आणि कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया ही स्टेटं फेडरल करार मानतच नाहीत, तिथे स्टेटचे स्वतःचे नियम. मिनेसोटा फेडरल आकड्यावरून सुरू होतं.

एक भीती असते, मिनेसोटाचा रेसिडेंट म्हणून सही केली तर एफ-१ ला धोका का, परत जायचा इरादा नाही असं दिसेल का. नाही. तुझं डोमिसाइल भारतातच राहतं, तू १८३ दिवसांच्या नियमाने रेसिडेंट झालायस, हे फक्त टॅक्सपुरतं. धोका दुसरीकडे आहे: लायसन्स काढायला गेल्यावर फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन असतो, तिथे आता मी रेसिडेंट आहे म्हणून टिक करून मोकळे होतात. मतदान सिटिझनचं काम, त्या चौकोनाला हात लावायचा नाही, ते इमिग्रेशनमधे खरंच अंगाशी येतं.

सॉफ्टवेअरचंही सांगतो. टर्बोटॅक्ससारखी रेसिडेंटसाठीची सॉफ्टवेअरं १०४०-एनआर करत नाहीत. काही मुलं मिनेसोटाचा रेसिडेंट फॉर्म पाहिजे म्हणून फेडरलही तिथेच १०४० वर (रेसिडेंटचा फॉर्म) भरून टाकतात, मग १०९८-टी (फीचा कॉलेजकडून येणारा फॉर्म) बघून सॉफ्टवेअर विचारतं शिक्षणाचं क्रेडिट हवंय का, ते हो म्हणतात, हजार डॉलर रिफंड दिसतो, सगळ्या बिल्डिंगला सांगतात. नॉनरेसिडेंट एलियनला ते क्रेडिट नाही. तुझं बरोबर आहे, फेडरल १०४०-एनआर आणि स्टेट एम१ रेसिडेंट, हे दोन्ही एकत्र चालतं, त्यात विसंगती काही नाही.

तर तुझ्यासाठी क्रम असा: पासपोर्टचे शिक्के आणि आय-९४ ची (अमेरिकेत आल्यागेल्याची सरकारी नोंद) ट्रॅव्हल हिस्टरी काढून दिवस लिहून ठेव, घरमालकाकडून तुझ्या नावाचं सीआरपी घे, एम१ भर, सिएटलचा पगार त्यात आहे ना बघ, एम१रेंट जोड, फेडरलची कॉपी जोड. टॅक्स भरायचा निघाला तर १५ एप्रिलच्या आत भर, रिटर्नला मुदत वाढवून मिळते पण पैसे भरायला मिळत नाही, व्याज तेव्हापासूनच सुरू होतं.

आणि ज्युनियरने समजा आत्तापर्यंत भरून टाकलंच असेल, पैसेही आले असतील, तर ते खर्च न करता एम१एक्स नावाचा अमेंडेड फॉर्म भरून स्वतःहून परत करायचे. स्टेटकडून पत्र यायच्या आधी केलेलं बरं पडतं. त्याचं २०२४ नॉनरेसिडेंट म्हणून एम१ बरोबर शेड्यूल एम१एनआर वर जाईल, टीएच्या पगारातून कापलेला टॅक्स त्यातूनच परत मागायचा, तो त्याचा खरा रिफंड. २०२५ मधे तो १८३ दिवस भरेल, तेव्हा स्वतःचं सीआरपी घेऊन येऊ दे.